लेखकांच्या संघटनेचं सभासद व्हायचंय? फी भरण्याआधी काय तपासावं

फ्रीलान्स लेखन, भाषांतर किंवा कंटेंट रायटिंग करणाऱ्यांना फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर एक आमंत्रण हमखास येतं. अमुक लेखक संघटनेचे सभासद व्हा, वार्षिक फी भरा आणि कामं, ओळखपत्र, प्रमाणपत्र, पुरस्कारात प्राधान्य मिळवा. यातल्या काही संघटना खरोखर लेखकांसाठी काम करतात. काही फक्त फी गोळा करतात. बऱ्याच संघटना या दोन्हींच्या मधल्या असतात. त्यांच्यात फसवणूक नसते, पण दिलेल्या पैशाचं मोलही मिळत नाही. या तिन्हींतला फरक ओळखायला ओळखपाळख लागत नाही. थोडी कागदपत्रं पाहावी लागतात आणि काही साधे प्रश्न विचारावे लागतात.

घोडेगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त का?

घोडेगाव हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय. तहसील कचेरी, न्यायालय, पोलीस ठाणं आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच आहे. पण लेखकांच्या जुन्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत. संस्थांची नोंद ठेवणारं धर्मादाय कार्यालयही पुण्यात. मंचरमार्गे पुण्याला जाऊन यायचं तर दिवस मोडतो.

त्यामुळे इथल्या लेखकाची संघटनेशी पहिली भेट मोबाइलच्या पडद्यावरच होते. कार्यालय दिसत नाही, पदाधिकारी भेटत नाहीत, जुने सभासद माहीत नसतात. दिसतो तो लोगो, व्यासपीठावरचे फोटो आणि क्यूआर कोड. म्हणून फोनवरच करता येतील अशा तपासण्या माहीत असणं गरजेचं आहे.

पहिला प्रश्न: ही संघटना आहे की दुकान?

संघटनेत सभासद हा मालकांपैकी एक असतो. त्याला मत असतं, वार्षिक सर्वसाधारण सभेला बसता येतं, हिशेब मागता येतो आणि निवडणुकीला उभं राहता येतं.

दुकानात सभासद हा ग्राहक असतो. तो पैसे देतो आणि त्या बदल्यात सेवा घेतो, उदाहरणार्थ कामांची यादी, प्रशिक्षण किंवा प्रोफाइल पेज. यात गैर काही नाही. अनेक चांगल्या सेवा अशाच चालतात. पण मग त्यांची पारख दुकानासारखीच करावी. माल काय, किंमत किती, पसंत नसेल तर पैसे परत मिळतात का?

गडबड तिथे होते, जिथे एका माणसाचा व्यवसाय ‘अखिल भारतीय’, ‘महासंघ’, ‘परिषद’ अशी नावं लावून संघटना असल्याचं भासवतो. सभासदाला मत नाही, घटना पाहायला मिळत नाही आणि अध्यक्ष कोणी निवडला हे कोणालाच ठाऊक नसतं.

खऱ्या संघटना कशा चालतात?

तुलनेसाठी महाराष्ट्रातली तीन उदाहरणं पाहता येतील.

*महाराष्ट्र साहित्य परिषद, पुणे.* स्थापना १९०६ साली. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची ही एक घटक संस्था. तिचे पदाधिकारी सभासदांच्या मतदानाने निवडले जातात. ही साहित्य संस्था आहे, रोजगार मिळवून देणारी नव्हे. त्यामुळे कंटेंट रायटिंगची कामं मिळतील या अपेक्षेने तिथे जाणं चुकीचं ठरेल.

*स्क्रीनरायटर्स असोसिएशन, मुंबई.* चित्रपट, मालिका आणि गीतं लिहिणाऱ्यांची ही संघटना पूर्वी फिल्म रायटर्स असोसिएशन या नावाने ओळखली जायची. कामगार संघटना कायदा, १९२६ खाली तिची १९६० साली नोंदणी झाली. सभासदांना संहिता नोंदवून ठेवता येते आणि मानधनावरून किंवा श्रेयनामावलीतल्या नावावरून वाद झाला तर तक्रार मांडता येते. फ्रीलान्स लेखकांची सशुल्क संघटना म्हणजे काय, याचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जवळचं उदाहरण.

*इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी.* गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांसाठी रॉयल्टी गोळा करणारी ही संस्था १९६९ पासून आहे. अशा कॉपीराइट सोसायट्यांसाठी २०१२ साली कायद्यात मोठे बदल झाले. संचालक मंडळात लेखक-रचनाकार आणि हक्कांचे मालक यांची संख्या समान असावी, अशी तरतूद त्यात आहे. लेखकांच्या नावाने जमलेल्या पैशावर लेखकांचंही नियंत्रण राहावं, हा त्यामागचा विचार.

तिन्ही संस्थांचं काम वेगळं आहे. पण तिन्हींबद्दल चार गोष्टी शोधता येतात: नोंदणी कुठल्या कायद्याखाली, पदाधिकारी कोण, ते कसे येतात आणि सभासदाला नेमकं काय मिळतं. नव्या संघटनेलाही हीच फूटपट्टी लावावी.

नोंदणी कशी पडताळायची?

‘शासनमान्य’ या एका शब्दावर थांबू नये. कुठल्या कायद्याखाली नोंदणी आहे आणि नंबर काय, ते विचारावं.

- संस्था आणि सार्वजनिक न्यास: महाराष्ट्रातल्या बहुतेक साहित्य संस्थांची नोंदणी सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन कायद्यांखाली असते. त्यामुळे त्यांच्याकडे दोन नंबर असतात. दुसरा नंबर साधारणपणे ‘एफ’ अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे जिल्ह्याचं नाव येतं. पुणे जिल्ह्यातल्या संस्थेची नोंद पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात असते. विश्वस्त बदलले की तिथे बदल अर्ज द्यावा लागतो आणि दरवर्षी लेखापरीक्षण झालेले हिशेब सादर करावे लागतात.
- कंपनी: प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून स्थापनेची तारीख आणि सद्यस्थिती पाहता येते. नफा वाटून न घेणाऱ्या ‘कलम ८’ कंपनीच्या क्रमांकात ‘एनपीएल’ ही अक्षरं असतात. ‘पीटीसी’ असेल तर ती साधी खाजगी कंपनी आहे.
- कामगार संघटना: नोंदणी क्रमांक, वर्ष आणि नोंदणी करणारं कार्यालय विचारावं.
- कॉपीराइट सोसायटी: लेखकांच्या वतीने रॉयल्टी वसूल करण्याचा आणि परवाने देण्याचा व्यवसाय करायचा तर कॉपीराइट कायदा, १९५७ खाली केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी लागते. साधी संस्था किंवा कंपनी असणं पुरेसं नाही.

नोंदणी नसली म्हणजे फसवणूकच, असंही नाही. गावातल्या दहा कवींनी शंभर-शंभर रुपये काढून चालवलेला गट नोंदणीशिवायही प्रामाणिक असू शकतो. पण तिथे पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर असतो. राज्यभरातून फी घेणाऱ्या संघटनेला ही सूट देता येत नाही.

जे कागद फारसं काही सांगत नाहीत

- उद्यम प्रमाणपत्र: ही नोंदणी मोफत आणि स्वयंघोषणेवर होते. लहान उद्योग म्हणून कोणीतरी नाव नोंदवलं, एवढाच तिचा अर्थ.
- शॉप ॲक्ट: कामगारांची संख्या कमी असेल तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. कामाची गुणवत्ता कोणी तपासत नाही.
- आयएसओ प्रमाणपत्र: कामाच्या पद्धतीबद्दलचं हे प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात. ती सरकारी मान्यता नव्हे.
- ‘टीएम’ चिन्ह: ट्रेडमार्क मंजूर झालेला नसतानाही हे चिन्ह लावता येतं.
- मान्यवरांसोबतचे फोटो: एका कार्यक्रमाला पाहुणा आला, एवढंच त्यातून कळतं.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. जीएसटी नंबर नसणं हा दोष नाही, कारण सेवा देणाऱ्यांना साधारणपणे २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत ही नोंदणी सक्तीची नसते. मात्र नंबर दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून पाहावा. तो कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन अंक २७ असतात.

पैसा कुणाच्या खात्यात जातो?

ही तपासणी मिनिटभराची आहे. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं. संघटनेच्या नावाऐवजी तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबावं आणि कारण विचारावं. नोंदणीकृत संस्थेचं स्वतःच्या नावाचं बँक खातं असायला हवं. पावतीवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. ‘स्क्रीनशॉट हीच पावती’ हे उत्तर चालणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे संघटनेचं उत्पन्न कशातून येतं. वार्षिक फीवर संस्था चालणं स्वाभाविक आहे. पण फीनंतर ओळखपत्राचे वेगळे पैसे, पुरस्काराचं ‘नोंदणी शुल्क’, प्रातिनिधिक संग्रहात पानामागे पैसे, संमेलनात व्यासपीठावर बसण्याची ‘सहयोग रक्कम’ अशी मालिका लागली, तर तिथे लेखकच गिऱ्हाईक आहे. ज्या पुरस्कारासाठी विजेत्यालाच पैसे मोजावे लागतात, त्याचं व्यावसायिक लेखनाच्या जगात वजन नसतं.

काही सेवांची खरी किंमतही माहीत असावी. भारतात आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि ती नोंदणी सक्तीची नाही. लेखन कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं की कॉपीराइट आपोआप मिळतो. ‘सभासद झाल्याशिवाय तुमच्या लेखनाला संरक्षण नाही’ असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

फॉर्ममधली बारीक अक्षरं

फीपेक्षा मोठं नुकसान फॉर्मवरच्या सहीने होऊ शकतं. ‘पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क संघटनेकडे राहतील’ अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते शोधावं. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती कायद्याने ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मात्र ही दोन्ही संरक्षणं काढून घेतात.

करार वाचून सल्ला देणं हे खरं तर लेखक संघटनेचंच काम. ब्रिटनमधली १८८४ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ ऑथर्स सभासदांचे करार तपासून देते. एखादी संघटना लेखकाचे हक्क राखण्याऐवजी स्वतःकडेच घेत असेल, तर तिच्या हेतूबद्दल वेगळा पुरावा नको.

कामाची हमी आणि टायपिंगचा सापळा

कोणतीही प्रामाणिक संघटना ‘महिन्याला इतकी कमाई नक्की’ असं लिहून देत नाही. विशेष सावध राहावं ते ‘घरबसल्या टायपिंग’ आणि ‘कंटेंट एंट्री’च्या कामांबाबत. आधी नोंदणी फी घेतली जाते. मग अशक्य मुदतीचं काम देऊन चुका काढल्या जातात आणि शेवटी ‘करारभंग’ म्हणून वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस येते. करार मोडणं ही मुळात दिवाणी बाब आहे. तेवढ्यावरून पोलीस उचलून नेत नाहीत. अशी धमकी आली की पैसे भरू नयेत, नोटीस जपून ठेवावी आणि कायदेशीर सल्ला घ्यावा.

फी वसूल होईल का? साधा हिशेब

समजा वार्षिक फी १,५०० रुपये आहे आणि संघटनेतून मिळणाऱ्या कामाचा दर शब्दाला ३० पैसे. फी भरून निघायलाच ५,००० शब्द लिहावे लागतील. त्यानंतरची कमाई खरी. म्हणून गेल्या वर्षी किती सभासदांना किती काम मिळालं, हे विचारणं उद्धटपणाचं नाही. शक्य असेल तर आधी एका वर्षाचं सभासदत्व घ्यावं. ‘आजच आजीव सभासद व्हा, उद्या फी वाढेल’ ही घाई दुकानदारीची खूण आहे.

फी भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे आणि नंबर काय?
२. घटना किंवा नियमावलीची प्रत मिळेल का?
३. मागची सर्वसाधारण सभा आणि निवडणूक कधी झाली?
४. मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब सभासदांना दाखवला का?
५. सभासदत्व सोडल्यास फी आणि लेखनाचे हक्क यांचं काय?

हे प्रश्न व्हॉट्सॲपवर लेखी विचारावेत, म्हणजे उत्तरांची नोंद राहते. उत्तर द्यायला आठ दिवस लागले तरी हरकत नाही. पण प्रश्न विचारल्यावर ग्रुपमधून काढून टाकलं, तर निर्णय सोपा झाला. ग्रुपमध्ये कौतुक करणाऱ्यांपैकी दोघा-तिघांशी थेट फोनवर बोलावं आणि सभासद होऊन किती दिवस झाले, हातात काय पडलं, एवढंच विचारावं.

पैसे गेले असतील तर?

- ऑनलाइन फसवणूक असेल तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.
- पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. त्यामुळे संघटना दिल्लीची असली तरी घोडेगावच्या लेखकाला पुणे जिल्हा आयोग पुरतो. तक्रार ऑनलाइन दाखल होते. त्यासाठी मुदत २ वर्षांची, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.
- संस्था धर्मादाय कार्यालयाकडे नोंदलेली असेल आणि हिशेबात घोळ वाटत असेल तर तिथे अर्ज करता येतो.
- कायदेशीर सल्ल्यासाठी घोडेगावच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या अनेक आदिवासी कुटुंबांना याचा थेट उपयोग होतो.

यातल्या कुठल्याही तक्रारीसाठी पुरावा लागतो. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद, भरलेल्या फॉर्मची प्रत आणि पाच प्रश्नांची आलेली उत्तरं फी भरल्याच्या दिवसापासूनच एका फोल्डरमध्ये ठेवावीत.