तळटीप : लेझर्स अँड फीलिंग्ज
* जॉन हार्पर यांचा २०१३चा भूमिकाखेळ. सगळे नियम एका पानात. खेळाडू अंतराळयानावरचे कर्मचारी होतात आणि प्रत्येकजण २ ते ५ मधला एकच आकडा निवडतो. सहा बाजूंचा फासा त्याहून कमी पडला तर बुद्धीचे काम साधते, जास्त पडला तर भावनेचे. म्हणून एकीकडे वाढवलेले बळ दुसरीकडे आपोआप घटते. पात्राचा स्वभाव एका आकड्यात मावतो, ही खरी कारागिरी. नेमका तोच आकडा पडला, तर खेळाडू सूत्रधाराला एक प्रश्न विचारतो आणि सूत्रधाराला खरे उत्तर द्यावेच लागते (हा नियम मला सर्वांत सुंदर वाटतो). पुढे अनेकांनी याच साच्यावर आपापले एकपानी खेळ रचले. — संपा.