सहा वर्षांत वीस सेकंद : मैदानावरची शिस्त म्हणजे नेमकं काय?

पोलीस भरतीची जाहिरात आली की तालुक्याच्या रस्त्यांवर पहाटे गर्दी वाढते. दीड-दोन महिने पोरं डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळतात. कुणाच्या नडगीत कळ येते, कुणी मधेच सोडून देतो, तर कुणाला मैदानाच्या दिवशी दुसऱ्याच फेरीत दम लागतो. मग पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "मन खंबीर पाहिजे होतं."

मन खंबीर पाहिजे हे खरंच आहे. पण मोबाईलवरचे प्रेरणादायी व्हिडिओ बघून ते खंबीर होत नाही. रोज ठरल्या वेळी ठरलेलं काम केलं की आपण हे करू शकतो असा भरवसा तयार होतो. ग्रामीण भागातून वर गेलेल्या खेळाडूंची वाटचाल पाहिली की हे लक्षात येतं. शाळेतले खेळाडू, भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी ही माहिती.

साबळेंचे आकडे काय सांगतात?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचं गाव. आईवडील शेतकरी, शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सियाचीनला राहिले. स्पर्धात्मक धावणं त्यांनी सैन्यात गेल्यावर 2015 मध्ये सुरू केलं, म्हणजे वयाच्या विशीनंतर. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून ते 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळले. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो.

सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यांनी 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा 1981 सालचा, म्हणजे 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धेची संधी हुकली होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये वेळ आली 8:28.94. एका सेकंदाचीही सुधारणा नाही! मग 8:25, 8:21, 8:20, 8:18, 8:16, 8:12, 8:11 असं करत जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. राष्ट्रीय विक्रम दहा वेळा, आणि एकूण सुधारणा साधारण वीस सेकंदांची. त्यासाठी जवळपास सहा वर्षं गेली.

यात अपयशही आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी अंतिम फेरी गाठता आली नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक 0.05 सेकंदाने गेलं, रौप्य मिळालं. त्यानंतर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. सहा वर्षांच्या मेहनतीचा हा हिशेब पाहिला, तर दोन महिन्यांत भरतीचं मैदान मारायचं म्हणणाऱ्याने थोडं थांबून विचार करायला हवा.

सवय कशी लावायची?

सवय लागण्यासाठी तीन गोष्टी ठरलेल्या पाहिजेत : वेळ, जागा आणि किती करायचं. "उद्यापासून भरपूर पळणार" हा संकल्प आठ दिवसांत मोडतो. "सकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर 25 मिनिटं" हा टिकतो. बूट आणि कपडे रात्रीच काढून ठेवावेत. सोबतीला एक जोडीदार असावा. तो वाट बघत असेल तर अंथरुणातून उठणं सोपं जातं.

शेतीच्या कामाचे दिवस आले की सराव बुडतो, हे गावातलं वास्तव आहे. कापूस वेचणी किंवा कांदा काढणीच्या दिवसांत पूर्ण सराव जमत नसेल तर 15 मिनिटांचा हलका सराव करावा, पण ठरलेली वेळ मोडू नये. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. पिकाला महिनाभर पाणी तोडायचं आणि एका रात्रीत वाफे भरायचे, असं कुणी करत नाही. शरीराचंही तसंच आहे.

आठवड्याचा आराखडा

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आठवड्यातून चार-पाच दिवस पळावं. त्यातले तीन दिवस हळू पळायचं, इतकं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. अनेकांना हे पटत नाही. रोज धाप लागेपर्यंत पळलं तरच सराव झाला असं वाटतं. पण दम वाढतो तो बहुतांश अशा सोप्या धावण्यातून. आठवड्यातला एक दिवस वेगाचा : 400 मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटं चालणं. एक-दोन दिवस ताकदीचा व्यायाम : बैठका, जोर, पायऱ्या चढणं, पोटाचे व्यायाम. आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, कारण स्नायू दुरुस्त होतात ते त्याच वेळी.

एकूण अंतर एकदम वाढवू नये. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, हा मैदानावरचा जुना अंदाज आहे. या आठवड्यात 20 किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात 22.

पोलीस भरतीत शारीरिक चाचणी 50 गुणांची असते आणि त्यात पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर धावावं लागतं. 1600 मीटर म्हणजे 400 च्या चार फेऱ्या. 5 मिनिटं 20 सेकंदांत संपवायचं असेल तर प्रत्येक फेरीला 80 सेकंद येतात. बरेच जण जोशात पहिली फेरी 65 सेकंदांत काढतात आणि तिसऱ्या फेरीत बसतात. ठरलेल्या गतीने पळण्याची सवय सरावातच लावून घ्यावी लागते.

वही ठेवा

दहा रुपयांची वही हे सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी साधन आहे. रोज पाच गोष्टी लिहायच्या : तारीख, किती पळालो, किती वेळ लागला, झोप किती झाली, काही दुखतंय का. महिनाभराने पानं चाळली की काय चुकतंय ते कळतं. मैदानावर जायच्या आदल्या रात्री भीती वाटली तर तीच वही उघडावी. तीन महिन्यांत सत्तर दिवस सराव केल्याचं स्वतःच्या अक्षरात दिसलं की मनाला जो आधार मिळतो, तो घोषणांनी मिळत नाही.

झोप आणि जेवण

तेरा ते अठरा वयोगटातल्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं असेल तर रात्री नऊ-साडेनऊला मोबाईल बाजूला ठेवावाच लागतो. कमी झोपेवर केलेला सराव अंगी लागत नाही आणि दुखापतीही वाढतात.

खुराक म्हटलं की महागडा डबा डोळ्यांपुढे येतो. गावातल्या घरात बरंच काही असतं. मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, मटकीची उसळ, डाळ, दूध, दही, अंडी, बाजरी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि गूळ. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, तर 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. पळण्याआधी जड खाऊ नये. एखादं केळं पुरे. पळून आल्यावर तासाभरात व्यवस्थित न्याहारी करावी. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्यावं आणि दुपारचा सराव टाळावा.

दुखणं ओळखा

सरावानंतर मांड्या-पोटऱ्या दोन दिवस ठणकणं साधारण आहे. पण नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, किंवा पळताना दुखणं वाढतच जात असेल, तर थांबावं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. हाडाला बारीक चीर गेली असेल तर तेल चोळून किंवा पट्टी बांधून ती भरत नाही; तसंच पळत राहिलं तर पूर्ण वर्ष वाया जाऊ शकतं. डांबरी रस्त्याऐवजी मातीची वाट किंवा मैदान निवडावं, आणि तळ झिजलेले बूट बदलावेत.

मैदानाआधी कुणी "ही गोळी घे, इंजेक्शन घे, वेळ मारशील" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं. उत्तेजक सापडलं तर "मला माहीत नव्हतं" हे कारण सहसा चालत नाही. शरीरात काय जातं त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. शिवाय जिवालाही धोका आहे.

सकारात्मक मन म्हणजे काय?

सकारात्मक असणं म्हणजे "मी जिंकणारच" असं म्हणत राहणं नव्हे. जे आपल्या हातात आहे त्यावर लक्ष ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे याचं चांगलं उदाहरण आहेत. 2023 च्या आशियाई स्पर्धेत ते आघाडीवर होते. शेवटाकडे एक गोळी वाईट गेली आणि पदक हुकून चौथ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही सुरुवातीला ते मागे होते. तिथून वर येत त्यांनी 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं. गुणफलकाकडे पाहिलं नाही, श्वासावर लक्ष ठेवलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

धावणाऱ्यालाही हे जमतं. शेजारचा किती पुढे आहे हे बघण्याऐवजी आपला श्वास, आपली पावलं, आपली फेरी. चाचणीच्या दिवशी काय करायचं याचा क्रम आधीच ठरवावा : किती वाजता पोहोचायचं, अंग कसं गरम करायचं, पहिली फेरी किती सेकंदांत. क्रम ठरलेला असला की घाबरायला वेळ कमी मिळतो.

हरल्यावरही वही उघडावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत कुस्ती खेळलेल्या या मल्लाला मॅटचा सराव नव्हता. चार वर्षं त्यांनी नेमक्या त्यावर मेहनत घेतली आणि 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "माझ्या नशिबातच नाही" म्हणण्यापेक्षा "काय कमी पडलं?" हा प्रश्न उपयोगी ठरतो.

मुलींचा सराव

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. दुष्काळी भागातली मुलगी तिथवर पोहोचली. तरी आजही अनेक गावांत मुलीने पहाटे पळायला जाणं घरच्यांना पटत नाही. दोघी-तिघींनी मिळून जावं, उजाडल्यावर जावं, घरातलं कुणी महिनाभर मैदानावर सोबत थांबावं, असे मार्ग निघतात. सतत थकवा, चक्कर किंवा धाप लागत असेल तर आळशी म्हणून बोलू नये. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. पाळी अनेक महिने येत नसेल तर डॉक्टरांना विचारावं. खाणं कमी आणि सराव जास्त झाल्याची ती खूण असू शकते.

घरच्यांनी एवढं करावं

नंबर आला का, हे विचारण्याआधी आज सराव कसा झाला ते विचारावं. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. आणि शिक्षण सोडू देऊ नये, कारण दुखापत कधीही होऊ शकते. साबळे सैन्यात होते, कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस, खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले, ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाल्या. खेळासोबत पोटापाण्याची सोय त्यांनी केली. भरतीत एका गुणाने राहिलेल्या पोरालाही पुढचा रस्ता लागतोच, आणि पहाटे उठायची, ठरलेलं काम पूर्ण करायची सवय तिथेही त्याच्या कामाला येते.