हिरवळीवरच्या मैफलीचं कूळ

शिकागोच्या उत्तरेला हायलँड पार्क नावाचं उपनगर आहे. तिथल्या रॅव्हिनिया बागेच्या दारात उन्हाळ्यात, मैफलीच्या दिवशी, सूर्य चांगला वर असतानाच रांग लागते. कुणाच्या खांद्याला घडीची बुटकी खुर्ची, कुणाच्या काखेत गुंडाळलेली सतरंजी, कुणी चाकांच्या छोट्या गाडीवर बर्फाची पेटी आणि घडीचं टेबल लादून आणलेलं. दार उघडलं की मंडळी लगबगीनं आपल्या पसंतीचं झाड गाठतात. टेबलावर पांढरी चादर पसरली जाते, काचेच्या बरणीत मेणबत्ती उभी राहते, डबे उघडतात. काही जण तर घरून चांदीचा दीपवृक्षच घेऊन येतात. मैफल सुरू व्हायला अजून दोन तास असतात, आणि ती सुरू झाली तरी या लोकांतल्या बहुतेकांना रंगमंच दिसणार नसतो. ते हिरवळीवर लावलेल्या स्पीकरमधून ऐकणार असतात.

शिकागोत नव्यानं राहायला आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्यांदा इथे नेलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: वादक दिसणारच नसतील तर तिकीट कशाला काढायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या प्रथेच्या कुळात आहे, आणि ते कूळ मैफलीच्या सभागृहात सापडत नाही. ते सापडतं प्रवासात.

मूळपुरुष लंडनचा. थेम्सच्या दक्षिण काठावर १६६१ च्या सुमारास एक बाग लोकांसाठी खुली झाली. तीच पुढे व्हॉक्सहॉल गार्डन्स म्हणून गाजली. १७२९ मध्ये जोनाथन टायर्स या तरुणानं ती भाडेपट्ट्यानं घेतली. घराणं कातड्याच्या व्यापाऱ्यांचं, पण माणसाला माणसांची नाडी कळत होती. त्यानं वादकांना झाडांच्या मधोमध उंच चौथऱ्यावर बसवलं, भोवती जेवणाचे आडोसे बांधले, त्यांत चित्रं लावली आणि प्रवेशाला एक शिलिंग ठेवला. सरदारालाही तोच, दुकानातल्या कारकुनालाही तोच. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत शहरातले लोक बहुतकरून नावेनंच तिकडे जात. संध्याकाळी नदी ओलांडायची, काठावर उतरायचं आणि कानावर वाद्यांचे सूर येत असताना बागेत शिरायचं. सुटकेची ही भावना संगीत सुरू होण्याआधीच मनात उतरलेली असे.

अंधार पडला की शिट्टी वाजे. ठिकठिकाणी उभे केलेले नोकर एकाच वेळी वातींना आग लावत, आणि क्षणात झाडाझाडांवरचे शेकडो दिवे पेटत. विजेच्या आधीच्या काळात हे दृश्य पाहून लोकांचा श्वास अडकत असणार. जेवणाचं मात्र नाव वाईट होतं. डुकराच्या मांसाचे काप इतके पातळ की त्यांच्या आडून वर्तमानपत्र वाचता येईल, अशी थट्टा लंडनभर चाले. तरी लोक पुन्हा पुन्हा जात. १७३८ मध्ये टायर्सनं हॅन्डेल या संगीतकाराचा संगमरवरी पुतळा बागेत बसवला. जिवंत संगीतकाराला असा मान तेव्हा राजवाड्यातही मिळत नसे. १७४९ मध्ये याच हॅन्डेलच्या, राजाच्या आतषबाजीसाठी रचलेल्या संगीताची रंगीत तालीम या बागेत झाली. तेव्हा १२,००० लोक आल्याचं छापून आलं आणि लंडन ब्रिजवर गाड्यांची कित्येक तास कोंडी झाली. बाग १८५९ मध्ये बंद पडली. तोवर तिची पोरंबाळं युरोपभर पसरली होती.

त्यांतलं एक रशियात जन्मलं. रशियाची पहिली सार्वजनिक आगगाडी १८३७ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून त्सारस्कोये सेलोकडे धावली, आणि पुढच्या वर्षी ती पावलोव्स्कपर्यंत पोचली. पावलोव्स्कला राजघराण्याचा वाडा आणि विस्तीर्ण उद्यान होतं. कारखाना नव्हता, बाजारपेठ नव्हती. मग रोज गाडीत बसणार कोण? गेर्स्टनर या अभियंत्यानं स्टेशनलाच जोडून संगीताची इमारत उभी करवली, तीही व्हॉक्सहॉलचंच नाव घेऊन. रशियन भाषेत मोठ्या स्टेशनला आजही ‘वोकझाल’ म्हणतात. १८५६ पासून व्हिएन्नाचा संगीतकार योहान स्ट्राउस धाकटा तिथे उन्हाळ्यामागून उन्हाळा वाजवत राहिला. त्याला पैसे देत होती रेल्वे कंपनी.

हाच हिशेब अमेरिकेत विजेच्या ट्राम कंपन्यांनी केला. कामाच्या दिवशी गाड्या भरत, रविवारी रिकाम्या धावत. विजेचे पैसे मात्र अनेक ठिकाणी महिन्याच्या ठरलेल्या दरानं भरावेच लागत. म्हणून मार्गाच्या शेवटच्या टोकाला बाग काढायची, पाळणे, नाचघर, बँड ठेवायचा आणि सुट्टीची गर्दी गाडीत ओढायची. अशा शेकडो बागा निघाल्या. बहुतेक पुढे मोटारींनी मारल्या.

रॅव्हिनिया त्यांतलीच एक. शिकागो-मिलवॉकी विद्युत रेल्वेला प्रवासी मिळावेत म्हणून १९०४ मध्ये ती उघडली. बेसबॉलचं मैदान, विजेचं कारंजं, नाचघर आणि एक नाट्यगृह असा थाट होता. त्यातलं नाट्यगृह तेवढं आज उभं आहे. रेल्वेचं दिवाळं निघालं तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी १९११ मध्ये कंपनी काढून बाग विकत घेतली. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. रेल्वे गेली, नफा गेला, आणि तरीही संगीत राहावं असं लोकांनीच ठरवलं. लुई एकस्टाइन या प्रकाशकानं १९१२ पासून जवळपास वीस वर्षं तिथे ऑपेरा चालवला आणि तोटा स्वतःच्या खिशातून भरला. मंदीत १९३१ नंतर दारं बंद झाली, १९३६ मध्ये पुन्हा उघडली आणि शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदानं उन्हाळ्याचा मुक्काम तिथे हलवला. त्याच जुलैत संगीतकार जॉर्ज गर्शविन येऊन वाजवून गेला. १९४९ मध्ये मैफलीचा मंडप जळाला, तेव्हा तो हंगाम तंबूत पार पडला.

त्याच मंदीनं शिकागोला आणखी एक देणगी दिली. बोलपट आणि ध्वनिमुद्रिकांमुळे वादक बेकार झाले होते. वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी पुढाकार घेतला आणि १९३५ च्या जुलैत ग्रँट पार्कमध्ये फुकट मैफली सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत, आता मिलेनियम पार्कात. तिथल्या हिरवळीवर वास्तुशिल्पी फ्रँक गेरींनी पोलादी नळ्यांची कमानदार जाळी घातली आहे. तिच्यात स्पीकर टांगलेले असल्यामुळे शेवटच्या सतरंजीवरही आवाज नीट पोचतो.

तर त्या प्रश्नाचं उत्तर असं, की दुरून, खात-पीत, झाडाखाली ऐकणारा माणूस हाच या प्रथेचा मूळ श्रोता आहे. टायर्स, गेर्स्टनर, ट्रामवाले, सगळ्यांनी हिशेब धरला तो शहरातून संध्याकाळपुरता बाहेर पडणाऱ्याचा. ओळख नसलेल्या शहरात त्या माणसासारखं बसायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, भारी कपडे लागत नाहीत, पाश्चात्त्य संगीताचं ज्ञानही लागत नाही. शेजारच्या सतरंजीवरून कुणी द्राक्षं पुढे करतं, आपण डब्यातली दशमी पुढे करायची.

नव्यानं आला असाल तर पहिल्या उन्हाळ्यात मिलेनियम पार्कला फुकट जा आणि मग एकदा रॅव्हिनियाचं हिरवळीचं तिकीट काढा. डासांचं मलम आणि एक जाडशी चादर बरोबर ठेवा, जवळच्या मोठ्या तळ्याकडून गार वारा सुटतो. जा मात्र आगगाडीनंच. उतरायचं ‘रॅव्हिनिया’ला नव्हे, ‘रॅव्हिनिया पार्क’ला. ते स्टेशन बागेच्या दारासमोरच आहे.