दहावीची एसटी : आपल्या शाळेच्या कॉलेजभेटींचा इतिहास

संपादक मंडळाने मला ‘शाळेतील शैक्षणिक मार्गदर्शनाची वाटचाल’ असा भारदस्त विषय दिला. त्याच नावाने लिहिले असते तर दुसऱ्या पानावर वाचकांना डुलकी लागली असती. म्हणून विषय थोडा आटोपता घेऊन मी एकाच उपक्रमाचा इतिहास लिहीत आहे. दर हिवाळ्यात दहावीच्या वर्गाला एसटीत बसवून कॉलेजे दाखवून आणायची, ही आपल्या शाळेची जुनी रीत. आधार म्हणाल तर कार्यालयातल्या सूचना-वह्या, सहलीच्या हिशेबाची किर्द आणि वेगवेगळ्या तुकड्यांच्या माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या गप्पा. काही वह्यांना वाळवी लागली आहे. त्या वर्षांबद्दल मी गप्प राहिले आहे.

आधी हे सांगायला हवे की १९७५ पूर्वी आपल्याकडे ‘कोणते कॉलेज’ हा प्रश्न फारसा नव्हताच. अकरावीची जुनी मॅट्रिक झाली की माणदेशातल्या पोराच्या पुढे तीन रस्ते असत : लष्करभरती, मुंबईला जाऊन गिरणीत किंवा माथाडी म्हणून काम, आणि जमलेच तर मास्तरकी. मुलींच्या पुढे बहुतेक एकच. ज्याचा चुलता किंवा मामा साताऱ्याला, कऱ्हाडला नाहीतर कोल्हापूरला असे, तो कॉलेजात जाई. म्हणजे कॉलेज निवडण्याचे काम नातेवाईक करीत. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी, त्यासाठी ‘करिअर मास्टर’ तयार करावेत, असे सुचवले होते. ते ‘करिअर मास्टर’ आमच्या तालुक्याच्या रस्त्याला लागलेले काही कोणाला दिसले नाहीत.

मग १०+२+३ आले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केलेला हा आकृतिबंध आपल्या राज्यात लागू झाला आणि मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी परीक्षेला बसल्या. त्या उन्हाळ्यात गावोगावी जो गोंधळ उडाला तो ज्यांनी पाहिला त्यांनाच कळेल. अकरावी झालेला थोरला भाऊ प्री-डिग्रीला जाणार आणि दहावी झालेली धाकटी अकरावीला; दोघांनाही ‘कॉलेजात’च जायचे; पण एकाचे कॉलेज वेगळे आणि दुसरीचे ते ‘ज्युनिअर’. आईबापांना वाटे, शाळेने एक वर्ष खाल्ले. शिवाय ही मुले १९७२च्या दुष्काळात वाढलेली. त्यांतल्या कित्येकांनी सुट्टीत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाल्ली होती. दोन वर्षे जास्त शिकायचे की लगेच कमवायचे, हा प्रश्न त्या घरांमध्ये रोजच्या भाकरीशी बांधलेला होता.

या गोंधळातून कॉलेजभेट निघाली. जानेवारी १९७६च्या सूचना-वहीत तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात चार ओळी आहेत : इयत्ता दहावीचे विद्यार्थी प्रासंगिक कराराच्या गाडीने साताऱ्यास जातील; सोबत भाकरी आणावी; वही-पेन्सिल आणावी; प्रत्येकाने तीन प्रश्न लिहून आणावेत. ऐतिहासिक स्थळांचा उल्लेख नाही. अजिंक्यतारा नुसता गाडीतून दाखवला, असे त्या तुकडीतले एक गृहस्थ अजून तक्रारीच्या सुरात सांगतात.

गाडी पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्यात पोहोचली. पहिला मुक्काम रयत शिक्षण संस्थेच्या छत्रपती शिवाजी कॉलेजवर. हे कॉलेज १९४७चे. फी परवडत नसेल तर श्रम करून शिका, या कर्मवीरांच्या विचारावर उभे राहिलेले. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले तिथे बागेत काम करताना आपल्या मुलांनी पाहिली. मला वाटते, त्या दिवसाची सगळ्यांत मोठी शिकवण तीच असावी. आपल्यासारख्याच घरातला, पायात चप्पल नसलेला मुलगा सकाळी खोरे चालवतो आणि अकराला तासाला बसतो, हे डोळ्यांनी दिसले. पुढे सायन्स कॉलेज (ते १९५८चे, आज यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखतात), आणि येताना पोवई नाक्याजवळ कर्मवीरांची समाधी.

मुख्याध्यापकांचा एक आग्रह होता आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. प्राचार्यांच्या दालनात सगळी मुले कोंबायची नाहीत. त्यांना थेट कार्यालयाच्या खिडकीवर न्यायचे आणि तिथल्या कारकुनाशी बोलायला लावायचे. ई.बी.सी.चा फॉर्म कधी मिळतो? उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून किती दिवसांत आणावा लागतो? दाखल्याला उशीर झाला तर प्रवेश जातो का? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ही सवलत होती म्हणून आपल्यातले कितीतरी शिकले. पण ती मिळवायची तर कागद वेळेवर हवेत, आणि हे भाषणात कोणी सांगत नाही. खिडकीवरचा माणूस सांगतो. आज मी स्वतः एका कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी माहितीसत्राच्या टेबलामागे उभी असते. आमच्या रंगीत पत्रकापेक्षा आमच्या कार्यालयातले भाऊसाहेब मुलांच्या जास्त उपयोगी पडतात, हे मी शपथेवर सांगेन.

पुढच्या काही वर्षांत मार्ग लांबला. एक वर्ष सातारा, एक वर्ष कऱ्हाड-कोल्हापूर अशी पाळी पडली. कऱ्हाडला १९६०चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. कोल्हापुरात १८८०चे राजाराम कॉलेज आणि १९६२चे शिवाजी विद्यापीठ. कोल्हापूरची खरी भेट मात्र वसतिगृहांना असे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि नंतर एकेका समाजाला बोर्डिंगे काढून द्यायला मदत केली, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते. पण तिथे अजून मुले राहतात, आणि आपणही अर्ज करू शकतो, हे कळायला तिथल्या पायरीवर बसावे लागले. पुण्याला गाडी फार कमी वेळा गेली. गेली तेव्हा १८८५चे फर्ग्युसन आणि १८५४ पासूनचे इंजिनिअरिंग कॉलेज बाहेरून पाहून, मुले विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात थांबली. ग्रामीण भागातून आलेल्या गरीब मुलांसाठी १९५५ पासून हे काम चालू आहे. किर्दीत त्या दिवसाच्या चहाचा खर्च आहे, जेवणाचा नाही. म्हणजे जेवण त्यांनी दिले असणार.

आता मुलींविषयी. पहिल्या काही गाड्यांत मुली जवळजवळ नसायच्या. सूचना ‘सर्व विद्यार्थ्यांना’ असे, पण घरून ‘तिला कशाला?’ असे उत्तर येई. दहावीचा निकाल आणि लग्नाची बोलणी एकाच जून महिन्यात चालत. यावर तोडगा काढला तो आपल्या शिवणकामाच्या बाईंनी. ज्यांनी मुलींना घरी जाऊन शाळेत आणले त्या बाई कोण, हे आपल्याला सांगायला नको. बाईंनी ठरवले की मुलगी येणार असेल तर तिच्याबरोबर आईला किंवा आजीला फुकट जागा द्यायची. मुख्याध्यापकांनी आधी नाही म्हटले, मग हो म्हटले. किर्दीत ‘पालक (स्त्री)’ असा वेगळा रकाना सुरू झालेला दिसतो.

मी १९८८च्या तुकडीची. आमच्या गाडीत मागच्या बाकांवर आठ-दहा जणी आया होत्या, त्यांत माझी आई. सातारा येईपर्यंत त्यांनी अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी लावल्या. पण मुलींच्या वसतिगृहात पाय ठेवल्यावर त्यांचा नूर बदलला. प्रयोगशाळेकडे, ग्रंथालयाकडे कोणी फारसे पाहिले नाही. पाणी किती वाजता येते, दाराला आतून कडी आहे का, फाटक संध्याकाळी किती वाजता बंद होते, रेक्टरबाई तिथेच राहतात का, भाजीत तेल किती घालतात, आजारी पडली तर गावाला कळवतो कोण : असे एकेक करत त्यांनी रेक्टरबाईंची अक्षरशः उलटतपासणी घेतली. रेक्टरबाई हसत होत्या. परतीच्या वाटेवर कोरेगावच्या पुढे आई एवढेच म्हणाली, “जागा चांगली हाय.” आमच्या घरात माझ्या कॉलेजचा निर्णय त्या तीन शब्दांत झाला. त्या गाडीतल्या सगळ्याच मुलींचे असे झाले नाही. माझ्या शेजारी बसलेली, गणितात माझ्यापुढे असलेली मैत्रीण त्याच वैशाखात बोहल्यावर चढली. तिची आई गाडीत नव्हती. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तो दिसतो.

१९८३ नंतर चित्र पालटू लागले होते. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि काही वर्षांतच मुलांनी कॉलेजकडे जाण्याऐवजी कॉलेजेच शाळांकडे येऊ लागली. वर्षाचा शेवट जवळ आला की जीपगाडी येई, फलक लागे, माहितीपत्रके वाटली जात, पेन मिळे. देणगीच्या नावाखाली पैसे उकळण्याला आळा घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला, १९९३च्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ असे शब्द घरोघरी पोहोचवले. पण कोणत्या जागेसाठी कोणी किती भरायचे, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत उमगत नसे. एका संस्थेच्या माणसांनी आपल्या शाळेत सभा घेऊन ‘जागा राखून ठेवतो’ म्हणून काही मुलांचे मूळ दाखलेच ताब्यात घेतले. ते सोडवून आणायला आपल्या सरांना तीन खेपा कराव्या लागल्या. त्यानंतर शाळेने नियम केला : माहिती द्यायला कोणीही यावे, पण सभेत फीचा पूर्ण आकडा फळ्यावर लिहावा, वसतिगृह आणि खानावळीसकट. नियम कागदावर साधा दिसतो. बऱ्याच जीपगाड्या पुन्हा आल्या नाहीत.

डी.एड.ची लाट याच काळातली. मुलीला बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, तीही जिल्हा परिषदेची. यापेक्षा आणखी काय हवे? नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही कॉलेजभेटीत अध्यापक विद्यालय दाखवा, असा पालकांचाच हट्ट असे. २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली, डी.एड.ची विद्यालये ओस पडली आणि पदविका हातात घेऊन बसलेल्या आपल्याच माजी विद्यार्थिनी गावोगावी दिसू लागल्या. भेटीने जागा दिसते, पाच वर्षांनंतरचा बाजार दिसत नाही. त्या मुलींचा राग मला समजतो.

पुढचे वेगाने सांगते, कारण ते सगळ्यांना आठवते. सीईटी आली. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि आम्हाला वाटले, ते शहराचे दुखणे. २०१६ मध्ये दहावीसाठी सरकारची कल चाचणी आली. मुलाचा कल ‘ललित कला’ निघाला की बाप शाळेत भांडायला येई. २०२० मध्ये कोरोनाने गाडी थांबली. २०२१च्या तुकडीची तर दहावीची परीक्षाही झाली नाही. किर्दीत त्या दोन वर्षांची पाने कोरी आहेत, आणि त्यानंतरही दोन वर्षे गाडी निघाली नाही. मोबाइलवर सगळे दिसते, मग हा खर्च कशाला, असे शाळा समितीतल्या काहींचे म्हणणे पडले.

त्याला उत्तर २०२५ने दिले. त्या वर्षी अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. आपल्या गावातली मुलगी सायबर कॅफेत बसून दहापर्यंत पसंतीक्रम भरू लागली. तिने त्यांतले एकही कॉलेज पाहिलेले नाही. काही कनिष्ठ महाविद्यालये कागदावरच भरतात आणि मुले दिवसभर शिकवणीच्या क्लासमध्ये बसतात, हजेरी मात्र कॉलेजची लागते, हे पसंतीक्रमाच्या पडद्यावर लिहिलेले नसते. कॉलेजच्या फाटकात सकाळी अकराला उभे राहिले की पाच मिनिटांत कळते : आत मुले आहेत की नाहीत. शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. पण खोलीभाडे आणि खानावळ तशीच उरते, आणि त्याचा हिशेब अजून आयांनाच करावा लागतो.

म्हणून १९८८च्या तुकडीने गाडीचे भाडे उचलायचे ठरवले आणि गेल्या हिवाळ्यात प्रासंगिक करार पुन्हा झाला. ‘पालक (स्त्री)’ हा रकाना तसाच ठेवला आहे. तीन प्रश्न लिहून आणायची अटही. या वेळच्या वहीतला एक प्रश्न मला आवडला : “तुमच्या कॉलेजातून मधेच सोडून गेलेली मुले किती, आणि ती का गेली?” विचारणारी मुलगी नववीतली होती, बहिणीबरोबर आलेली. समोरच्या प्राध्यापकांना उत्तर देता आले नाही. त्यांनी कार्यालयात विचारून कळवतो म्हणून सांगितले, आणि पंधरा दिवसांनी खरोखरच पत्र पाठवले. ते पत्र कार्यालयाच्या फळ्यावर लावले आहे.

पुढची गाडी जानेवारीत निघेल, कऱ्हाड आणि कोल्हापूरला. त्या दोन गावांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः ज्यांनी तिथल्या वसतिगृहांत दिवस काढले त्यांनी, आपली नावे मेळाव्याच्या दिवशी कार्यालयात नोंदवावीत. जेवणाची सोय झाली तर बरेच, पण मुलांना अधिक गरज आहे ती दुपारी दोन तास बरोबर फिरणाऱ्या माणसाची.