फॅक्स प्रेषण, आंतरजाल दूरध्वनीवरील

आंतरजालावर चालणाऱ्या दूरध्वनी मार्गाने केलेले कागदपत्रांचे प्रतिरूप प्रेषण. फॅक्सची विश्वसनीयता प्रारंभापासून प्रेषक व ग्राही यंत्रांच्या कालमेळावर अवलंबून राहिली आहे. स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या प्रतिरूप तारायंत्रात दोन्ही टोकांचे लंबक एकाच लयीत हेलकावणे आवश्यक होते. जोव्हान्नी कासेल्ली यांच्या ‘पँटेलिग्राफ’ यंत्राची पॅरिस–लिआँ सेवा १८६५ मध्ये सुरू झाली. तिच्यातही लंबकांचा मेळ राखावा लागे.

१९८० मध्ये ‘गट ३’ फॅक्सचे आंतरराष्ट्रीय मानक संमत झाले. त्यानुसार पृष्ठाच्या प्रत्येक ओळीचे १,७२८ बिंदूंत विभाजन करून ती माहिती ध्वनिसंकेतांच्या रूपाने, सेकंदाला ९,६०० बिटांपर्यंतच्या वेगाने साध्या दूरध्वनी तारेवरून पाठविता येऊ लागली. पृष्ठ मिळाल्याची पोच ग्राही यंत्र त्याच जोडणीत देत असल्याने व्यापारी कचेऱ्या व रुग्णालये यांचा फॅक्सवर विश्वास बसला. मात्र जोडणी अखंड व विलंब स्थिर राहील, हे या मानकात गृहीत होते.

आंतरजाल दूरध्वनीने हे गृहीतकच मोडले. त्यात आवाजाचे सामान्यतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते स्वतंत्र पॅकेटांतून पाठविले जातात. काही उशिरा पोहोचतात, तर काही गहाळ होतात. संभाषणात एवढी त्रुटी कानास जाणवतही नाही. परंतु ९,६०० बिटांच्या वेगाने एका पॅकेटाबरोबर १९२ बिट नाहीसे होतात व मोडेमचा कालमेळ बिघडू शकतो. आवाज दाबून बसविणाऱ्या संकेतन पद्धती आणि प्रतिध्वनिनिरोधक हेही मोडेमच्या संकेतांना बाधक ठरतात. आज्ञेला सुमारे ३ सेकंदांत उत्तर न आल्यास यंत्र ती पुन्हा पाठविते आणि तिसरा प्रयत्नही फसल्यास जोडणी तोडते.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने १९९८ मध्ये ‘टी. ३८’ हे मानक संमत केले. त्यानुसार प्रवेशद्वारातील उपकरण ध्वनिसंकेतांतून मूळ अंकीय माहिती काढून घेते, मागील पॅकेटांची पुनरावृत्ती करीत ती पाठविते आणि दुसऱ्या टोकाचे उपकरण तिचे पुन्हा ध्वनिसंकेत बनविते. त्यामुळे गहाळ पॅकेटांची बरीच भरपाई होते. तथापि मार्गातील सर्व संबंधित उपकरणांना हे मानक मान्य नसल्यास प्रेषण पुन्हा ध्वनिमार्गावर येते व जुने दोष उद्‌भवतात.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतील नव्या फॅक्स यंत्रांच्या खरेदीवर जानेवारी २०१९ पासून बंदी आली. तेथील दूरध्वनी जाळे आंतरजाल तंत्राकडे वळत असताना फॅक्स पूर्वीप्रमाणे चालेल याची हमी देता येत नाही, हे ध्यानी घेऊन २०२३ मध्ये सार्वत्रिक सेवेच्या बंधनातून फॅक्स वगळण्यात आला. यंत्रे तीच राहिली. त्यांना अभिप्रेत असलेली अखंड तार मात्र उरली नाही.