दीर्घ मुदतीचे सेवाकरार आणि घरमालकांचे संरक्षण : नांदेड-लातूरच्या संदर्भात

करार करणारे दोन्ही पक्ष समबल असतात, या गृहीतावर १८७२ चा भारतीय करार कायदा उभा आहे. तो हैदराबाद राज्यास १९५१ साली लागू झाला. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ही दोन्ही त्याच राज्यात होती. गैरवाजवी दडपणाने मिळविलेली संमती रद्द ठरविण्याची सोय या कायद्याच्या कलम १६ व १९-अ यांमध्ये होती. परंतु छापील करारपत्रावर सही करणाऱ्या घरमालकास समोरच्या पक्षाची आपल्यावरील हुकमत प्रथम स्वतःच सिद्ध करावी लागे.

मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यानंतर आलेल्या १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाने या विषमतेची दखल घेतली. लेखी व नोंदणीकृत करार, सहकारी संस्थेची स्थापना आणि तिच्या नावे अभिहस्तांतरण ही कर्तव्ये प्रवर्तकावर घालण्यात आली. या तरतुदींचे महत्त्व केवळ मालकीपुरते नव्हते. जमीन व इमारत प्रवर्तकाच्या नावे राहिली, की पाणी, उद्वाहक व स्वच्छता यांची व्यवस्था आणि त्यांचे आकार ठरविण्याची सत्ताही त्याच्याच हाती राहते. हे कर्तव्य पुष्कळदा टाळले गेल्यामुळेच २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली.

‘अन्याय्य करार’ या संज्ञेची व्याख्या मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानेच प्रथम केली. अवाजवी अनामत, हानीच्या प्रमाणाबाहेर दंड, सबळ कारणावाचून एकतर्फी करारसमाप्ती, ग्राहकाच्या संमतीविना त्यास अहितकारक ठरेल असे कराराचे हस्तांतरण, या गोष्टी तीत येतात. दीर्घ मुदत हा तीत स्वतंत्र दोष नाही. दीर्घ मुदतीचा करार ग्राहकाच्या हक्कांत मोठा पालट घडवितो काय, हे पाहावे लागते.

तथापि, अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगास नसून राज्य व राष्ट्रीय आयोगांस आहे. म्हणजे ज्या हक्काची व्याख्या झाली, त्याचे न्यायपीठ नांदेड-लातूरच्या घरमालकापासून दूर गेले. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तक्रार दाखल करण्याच्या सोयीमुळे हे अंतर काहीसे कमी झाले, इतकेच. सदनिकेच्या करारातील एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन प्रकरणात २०१९ सालीच, जुन्या १९८६ च्या अधिनियमाखाली दिला होता. अनुचित प्रथेची तक्रार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. त्यामुळे जिल्ह्यातील घरमालकास नव्या संज्ञेपेक्षा ही जुनीच संज्ञा अधिक जवळची ठरते. संरक्षणाचे मोल केवळ व्याख्येच्या व्यापकतेने नव्हे, तर न्यायपीठाच्या सुलभतेनेही ठरते, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.