जप्ती थांबली, पण कुणाची?

दलित पँथरने 1972 मध्ये आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या ब्लॅक पँथर पक्षाच्या 1966 च्या दहा कलमी कार्यक्रमात माणसाला राहण्यालायक घर ही स्वतंत्र मागणी होती, हे फारसे कुणी सांगत नाही. गुलामी संपून शंभर वर्षे झाली तरी घरासाठी वेगळे कलम का लिहावे लागले? उत्तर 1933 नंतरच्या गृहकर्ज धोरणात आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: कृष्णवर्णीयांना मंदीने मारलेच, पण पिढ्यानपिढ्यांचे नुकसान मंदीनंतरच्या सुधारणेने केले.

आधी संकट समजून घेऊ. 1920 च्या दशकात अमेरिकेत गृहकर्ज तीन ते पाच वर्षांचे असे. बरेचदा तेवढी वर्षे फक्त व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकदम. मुद्दल कुणाकडेच नसे, म्हणून कर्जाचे नूतनीकरण होई. 1929 नंतर बँका बुडाल्या, नूतनीकरण बंद झाले, नोकऱ्या गेल्या. 1933 मध्ये रोज सुमारे 1000 घरे जप्त होत होती.

त्या वर्षी जूनमध्ये रूझवेल्ट सरकारने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढले. त्याने सावकार-बँकांकडून थकलेली गहाणखते रोख्यांच्या बदल्यात घेतली आणि घरमालकाला 15 वर्षांचे, 5 टक्के व्याजाचे नवे कर्ज दिले. हप्त्यात व्याजासोबत मुद्दलही फिटत जाई. 1936 पर्यंत सुमारे 10 लाख कर्जे दिली गेली. त्यांतली दोनेक लाख घरे पुढे याच महामंडळाने जप्त केली, तरी लाखो कुटुंबे वाचली, हे मान्य केले पाहिजे.

याच महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले. चांगली वस्ती हिरवी, धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास नेहमीच लाल. हे नकाशे आता समाजमाध्यमांवर खूप फिरतात आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकला जातो. आम्हाला ते अपुरे वाटते. बहुतेक कर्जे वाटून झाल्यावर हे नकाशे तयार झाले, आणि महामंडळाने लाल भागातही, काही कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जे दिली होती. नकाशा रंगीत आहे म्हणून नजरेत भरतो. खरी कुऱ्हाड एका रुक्ष सरकारी नियमपुस्तकात होती.

1934 मध्ये 'फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' आले. ते स्वतः कर्ज देत नसे, कर्जाचा विमा उतरवी. कर्जदाराने बुडवले तर बँकेला सरकार भरपाई देणार. त्यामुळे बँका घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, 20 वर्षांसाठी कर्ज देऊ लागल्या. थोडी रक्कम आधी भरून बाकीचे भाड्यासारख्या हप्त्यांत फेडायचे, ही सोय कामगाराच्या हाती आली. अमेरिकेचा मध्यमवर्ग यातूनच उभा राहिला.

विमा कुणाच्या कर्जाचा उतरवायचा, हे नियमपुस्तक ठरवी. वेगळ्या वंशाचे लोक शेजारी आले तर घरांची किंमत पडते, असे त्यात गृहीत होते. म्हणून खरेदीखतातच गोऱ्यांशिवाय इतरांना मनाई करणारी अट असावी, अशी शिफारस होती. एका कुटुंबाच्या असण्याने सगळी गल्ली विटाळते, हा सिद्धांत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आडनाव विचारून भाडेकरूला परत पाठवणारा घरमालकही आपल्या ओळखीचा आहे. इथे फरक इतकाच की हे सरकार सांगत होते, मूल्यांकनाच्या थंड भाषेत.

1941 मध्ये डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, पण जागा कृष्णवर्णीय वस्तीला लागून असल्याने मंजुरी अडली. त्याने मध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली. मंजुरी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असा निकाल दिला. तोवर न्यूयॉर्कजवळ हजारो घरांचे लेव्हिटटाऊन, सरकारी विम्याच्या आधाराने, फक्त गोऱ्यांसाठी बांधले जात होते.

मग कृष्णवर्णीय कामगार घर कसे घेत होता? शिकागोत दलाल घाबरलेल्या गोऱ्यांकडून स्वस्तात घर घेत आणि कृष्णवर्णीयाला पुष्कळदा दुपटीच्या आसपास किमतीला 'करारावर' विकत. हप्ते त्याने भरायचे, दुरुस्ती आणि कर त्याने भरायचा, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला तरी घर गेले, भरलेला पैसाही गेला. मग दलाल तेच घर पुढच्याला विकायला मोकळा. 1968 मध्ये लॉनडेल भागातल्या लोकांनी 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' स्थापून हप्ते देणेच बंद केले. पोलीस सामान रस्त्यावर काढत, शेजारी ते उचलून परत घरात ठेवत. कोर्टातले मोठे दावे ते हरले, पण अनेकांनी करार बदलून घेतले. न्यायालयात हरलेला लढा रस्त्यावर काही मिळवून देतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 ला, घरांबाबत भेदभावबंदीचा कायदा झाला. पण भेदभाव सिद्ध कसा करायचा? बँक कारण कधी लिहून देत नाही. शिकागोच्याच गेल सिंकोटा या गोऱ्या गृहिणीसह वस्त्यांतल्या संघटनांनी रेटा लावला आणि 1975 मध्ये कोणत्या भागात किती गृहकर्ज दिले हे जाहीर करणे बँकांना बंधनकारक झाले. पदव्या घेतलेल्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा कायदा मुळातून वाचावा. आपल्या शहरातली बँक कोणत्या वस्तीत किती गृहकर्ज देते, हे विचारायला आपण अजून शिकलेलो नाही.

2000 नंतर मात्र ज्या वस्त्यांना कर्ज मिळत नव्हते, तिथेच एजंट महागडी कर्जे घेऊन दारोदार फिरू लागले. 2008 मध्ये सगळे कोसळले. कंट्रीवाइड या कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांना जास्त दर लावल्याचा आरोप 2011 मध्ये 33.5 कोटी डॉलर देऊन मिटवला. 2010 च्या सुधारणा कायद्याने कर्जदाराची फेडण्याची ताकद तपासणे सक्तीचे केले. नियम योग्यच आहे. पण ज्याच्या आजोबाला 1934 च्या विम्याने वगळले, त्याच्याकडे दाखवायला वडिलोपार्जित घर नाही. 2004 मध्ये सुमारे 49 टक्के कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. 2019 मध्ये सुमारे 41 टक्के.